फोटोखालची नावं

आमच्या कॅलिफोर्नियातल्या युनियन सिटीतल्या फिलिपिनो सुपरमार्केटच्या दारात, ट्रॉल्या लावतात त्याच्या शेजारी, एक तारेचा स्टँड असतो आणि त्यात फुकट वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बहुतेक इंग्रजी, मधूनच टागालोग. मी कालामान्सी, म्हणजे तिकडची छोटी लिंबं, नाहीतर गरम पानदेसाल पाव घ्यायला गेले की एखादा अंक उचलतेच. अर्धा पेपर जाहिरातींचा. इमिग्रेशनचे वकील, मनिलाला पैसे पाठवणारे, घरांचे एजंट, आणि बालिकबायान बॉक्सवाले, म्हणजे ते भलेमोठे खोके, ज्यात इथली माणसं महिनोन्‌महिने थोडं थोडं सामान भरत राहतात, साबण, टूथपेस्ट, डब्यातलं मटण, चॉकलेटं, मुलांचे लहान झालेले बूट, आणि भरलं की बोटीने गावी पाठवून देतात. पण मधली पानं नीट वाचली की खरा पेपर सापडतो. कुठल्याशा गावच्या मंडळाचा वार्षिक डान्स, त्याच्या फोटोत तीन रांगांत उभी माणसं, आणि खाली बारीक टायपात सगळ्यांची नावं, डावीकडून उजवीकडे, मागची रांग, मधली रांग, पुढे बसलेले, एकही न गाळता. मृत्यूच्या बातम्यांतही माणूस कुठल्या प्रांतातला, कुठल्या शाळेत शिकला, इथे कुठल्या वॉर्डात किती वर्षं होता, मुलं-सुना-नातवंडं, सगळं येतं.

आणि मग घरी येऊन मी आमच्या भागाच्या बातम्या फोनवर बघते. युनियन सिटीत साधारण पाच माणसांतलं एक फिलिपिनो आहे, पलीकडे डेली सिटीत तर तिघांतलं एक. एवढी माणसं असताना बातमीत ती दिसतात तीन वेळा. सण असला की, बांबूच्या काठ्यांमधून उड्या मारत नाचणाऱ्या मुलींचा फोटो. काही भयानक घडलं की. आणि हॉस्पिटलची गोष्ट आली की निळ्या कपड्यातली, मास्क लावलेली. यातलं काही खोटं नाही, नाच खरा, दुःख खरं, नर्सही खऱ्या. पण या तिन्हींच्या मधे जे आयुष्य असतं, घराचे हप्ते, युनियनच्या मीटिंगा, शाळाबोर्डाशी भांडणं, चर्चमधले रुसवेफुगवे, ते आमच्या लोकल बातम्यांत येतच नाही, आणि मला हे फार लागतं. का लागतं ते सांगायचं तर मला जुन्या दोन गोष्टी सांगाव्या लागतील, दोन्ही इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या.

पहिली वॉट्सनव्हिलची. माझ्या घरापासून गाडीने तासा-सव्वा तासावर, स्ट्रॉबेरीची आणि लेट्यूसची शेतं असलेलं गाव. १९३० साल. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं (१८९८ पासून ४६ पर्यंत होतं), त्यामुळे तिथली तरुण पोरं पासपोर्ट-व्हिसाच्या भानगडीशिवाय इकडे शेतमजुरीला येऊ शकत होती आणि हजारोंनी आली, बहुतेक एकटी, बायका अगदीच कमी. जानेवारी महिन्यात तिथल्या 'ईव्हनिंग पाहारोनियन' या वर्तमानपत्रात एका स्थानिक जज्जने लिहिलेला चेंबर ऑफ कॉमर्सचा, म्हणजे व्यापारी मंडळाचा, ठराव छापून आला, फिलिपिनो लोक कसे घाणेरडे, कसे आमच्या मुलींना नादी लावतात, त्यांना इथून घालवा, अशा अर्थाचा. गावाबाहेर फिलिपिनो पोरांनी एक डान्स हॉल सुरू केला होता, तिथे गोऱ्या मुली पगारावर नाचायला यायच्या, एवढं निमित्त. ठरावाला दोन आठवडेही झाले नसतील, १९ जानेवारीपासून जमाव जमायला लागला, शेकडो माणसं, पाच दिवस. मजुरांना घरातून ओढून काढून मारलं, पुलावरून नदीत फेकलं. शेवटच्या रात्री एका मळ्यावरच्या झोपायच्या खोलीवर गोळ्या झाडल्या आणि त्यात फर्मिन टोबेरा नावाचा बावीस वर्षांचा मुलगा मेला. त्याचं प्रेत मनिलाला गेलं आणि तिकडे देशभर शोक पाळला गेला.

मी ही गोष्ट वाचते तेव्हा दंगलीइतकीच ती दहा-बारा दिवसांची फट मला छळते. ठराव छापला तेव्हा संपादकाच्या टेबलावर तो बाकीच्या बातम्यांसारखाच आला असणार, चेंबर ऑफ कॉमर्सची बैठक झाली, हा ठराव झाला, छापा. गाव छोटं, पेपर घरोघरी जातो. ज्यांच्याबद्दल तो ठराव होता त्यांच्यापैकी एकालाही 'तुमचं काय म्हणणं' असं विचारून त्याच पानावर शेजारी चार ओळी छापल्या असत्या तर काही बदललं असतं का, कोण जाणे, पण लोकल पेपरची ताकद काय असते ते मला तिथे दिसतं. राष्ट्रीय पेपर दुसऱ्या गावातल्या लोकांबद्दल लिहितो. लोकल पेपर तुमच्या समोरच्या घरातल्या माणसाबद्दल लिहितो आणि तो पेपर वाचून झाल्यावर तुम्ही खिडकीतून त्याच घराकडे बघता. २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने फिलिपिनो लोकांची माफी मागितली आणि २०२० मध्ये वॉट्सनव्हिलच्या नगर परिषदेनेही, म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी.

दुसरी गोष्ट डेलानोची आणि ती न छापल्याची आहे. म्हणजे अगदीच छापली नाही असं नाही, पण अशी छापली गेली की मूळ माणसं त्यातून गळून गेली. १९६५ च्या ७ सप्टेंबरला रात्री डेलानोच्या फिलिपिनो हॉलमध्ये द्राक्षमळ्यातले मजूर जमले. बरेचसे पन्नाशी-साठीचे, चाळीस वर्षं वाकून वाकून पाठी गेलेले, सगळे त्यांना मानोंग म्हणायचे, आपण दादा म्हणतो तसं. त्यांची मागणी तासाला १ डॉलर ४० सेंट आणि खोक्यामागे २५ सेंट. नेता लॅरी इटलियाँग, एका हाताची तीन बोटं कामावरच्या अपघातात गेलेला, सिगार ओढणारा, पत्त्यांत तरबेज. सोबत फिलिप वेरा क्रूझ, पीट वेलास्को. हात वर झाले आणि दुसऱ्या दिवशी ८ तारखेला संप सुरू. मालकांनी मजुरांच्या कॅम्पचं पाणी तोडलं, वीज तोडली, खोल्यांतून सामान बाहेर फेकलं. इटलियाँगला पक्कं माहीत होतं की मालक मेक्सिकन मजूर आणून संप फोडतील, आधी नेहमी तसंच झालेलं, मेक्सिकन संपावर गेले की फिलिपिनो आणायचे आणि फिलिपिनो गेले की मेक्सिकन. म्हणून तो मेक्सिकन मजुरांचा नेता सेझार चावेझ याच्याकडे गेला, आमच्यासोबत या म्हणून. चावेझच्या संघटनेने १६ सप्टेंबरला मतदान करून संपात उडी घेतली. पाच वर्षं चालला तो संप, देशभर लोकांनी द्राक्षं खाणं सोडलं, आणि १९७० मध्ये मालक करारावर सह्या करायला आले.

आता यातलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? चावेझ. पत्रकारांना एक चेहरा लागतो, आणि तो चेहरा त्यांना सॅक्रामेंटोच्या पदयात्रेत, उपासात मिळाला. चावेझचं काम खोटं नव्हतंच, त्यावर माझा वाद नाही. पण ज्यांनी आधी हात वर केला ते आठ दिवस आधीपासून उन्हात उभे होते, त्यांची नावं कापत कापत 'आणि काही फिलिपिनो मजूर' एवढ्यावर आली. आणि ती परत जोडायला त्यांच्या घरातही कोणी नव्हतं, कारण १९३३ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना गोऱ्या बायकांशी लग्न करायची बंदी होती, ती उठली १९४८ साली, तोवर बहुतेकांचं वय निघून गेलेलं. ना पोरं ना नातवंडं. आजोबांची गोष्ट शाळेत जाऊन सांगणारं कोणीच नाही. अशा माणसांसाठी तर पेपरातली एक ओळही किती मोलाची असती, विचार करा. म्हातारपणी त्यांना राहायला म्हणून दोन्ही संघटना मिळून झालेल्या शेतमजूर संघटनेने अ‍ॅग्बयानी व्हिलेज बांधलं, १९७४ मध्ये पुरं झालं, ते नाव पिकेटलाईनवर, म्हणजे संपकऱ्यांच्या पहाऱ्यावर, मरण पावलेल्या एका मानोंगचं. इटलियाँगने १९७१ मध्येच संघटना सोडली, ७७ मध्ये तो गेला.

असंच काहीसं सॅन फ्रान्सिस्कोत, कर्नी स्ट्रीटवरच्या इंटरनॅशनल हॉटेलचं. म्हातारे फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू, १९६८ पासून घरं खाली करायच्या नोटिसांविरुद्ध लढत होते. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, हजारो लोक हात धरून दाराबाहेर उभे होते, त्या रात्रीची फिल्म आजही बघायला मिळते. नऊ वर्षांच्या लढाईतली सगळ्यांना माहीत आहे ती शेवटची रात्र.

म्हणून आमच्याकडच्या एका शाळेचं मला फार अप्रूप आहे. २०१५ मध्ये युनियन सिटीतल्या अल्वाराडो मिडल स्कूलचं नाव बदलून इटलियाँग-वेरा क्रूझ मिडल स्कूल केलं, फिलिपिनो अमेरिकन माणसांची नावं असलेली देशातली ती पहिली शाळा. नाव बदलू नये म्हणणारे होते, शेतमजूर संघटनेचं नाव कशाला म्हणणारे होते. या भागात, म्हणजे फ्रीमाँट-युनियन सिटी पट्ट्यात, आपली मराठी माणसंही भरपूर, अनेकांची पोरं रोज त्या बोर्डाखालून दप्तर घेऊन जातात. मी ओळखीच्या दोघा-तिघांना विचारलं, हे इटलियाँग कोण? एक म्हणाला, कोणी देणगीदार असेल. त्याचा राग नाही आला मला. त्याला कोण सांगणार होतं? शाळेच्या नावाबद्दलच्या बातम्या आल्या त्या बहुतेक वादाच्या आल्या, कोण बाजूने कोण विरोधात. त्या दोन माणसांनी केलं काय हे निवांत दोन कॉलम लिहिलेलं माझ्या तरी वाचनात लोकल पेपरात आलं नाही. ते काम फिलिपिनो शिक्षकांनी, हौशी इतिहासकारांनी, स्टॉकटनमध्ये म्युझियम उभारणाऱ्यांनी केलं. २०१३ मध्ये कायदा झाला की शेतमजूर चळवळीतला फिलिपिनोंचा वाटा शाळेत शिकवावा, तो आणणारा आमदार रॉब बोंटा, विधिमंडळात निवडून आलेला पहिला फिलिपिनो अमेरिकन, आणि त्याचं लहानपण गेलेलं त्याच शेतमजूर संघटनेच्या मुख्यालयात.

आता नर्सेसचं. हे मला जरा जवळून माहीत आहे कारण माझ्या शेजारी टिटा राहतात. माझी मुलं त्यांना टिटा म्हणतात म्हणून मीही म्हणते, मावशीसारखंच ते. फिलिपाइन्समधल्या इलोइलोच्या, चाळीसेक वर्षं नर्स, बहुतेक काळ आयसीयूत, आता रिटायर. त्यांच्या फ्रिजवर २०२० मधलं एका पेपरातलं कात्रण आहे. हॉस्पिटलबाहेर रस्त्यावर नर्सेस उभ्या, लोक टाळ्या वाजवतायत, खाली ओळ आहे की नागरिकांनी नर्सेसचे आभार मानले. टिटांनी त्या कात्रणाच्या कडेला बॉलपेनने बाण काढून सगळ्यांची नावं लिहिली आहेत. वाकडीतिकडी झाली आहेत कारण कागद गुळगुळीत, शाई पसरलेली. एका नावापुढे छोटा क्रॉस आहे. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, फोटो काढणारा मुलगा चांगला होता, पण घाईत होता, त्याने नावं विचारली नाहीत.

सप्टेंबर २०२० मध्ये नर्सेसच्या राष्ट्रीय युनियनने हिशोब मांडला, तोवर कोविडने गेलेल्या २१३ रजिस्टर्ड नर्सेसपैकी ६७ फिलिपिनो होत्या. देशातल्या एकूण नर्सेसमध्ये त्यांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास, आणि मेलेल्यांमध्ये जवळजवळ एकतृतीयांश. हा आकडा युनियनला एकेक मृत्यूची बातमी, शोकसंदेश, फेसबुकवरच्या पोस्ट शोधून शोधून जमवावा लागला, कारण सरकारी आकड्यांत सगळे 'एशियन'. त्या एका रकान्यात मी आहे, टिटा आहेत, कोपऱ्यावरचा चिनी डेंटिस्ट आहे. आमची आयुष्यं वेगळी, कामं वेगळी, धोके वेगळे. मी त्या वर्षी घरात बसून लॅपटॉपवर काम करत होते आणि टिटा रात्रपाळीत माणसांना पालथं झोपवत होत्या, श्वास लागावा म्हणून. एका रकान्यात टाकलं की हे दिसेनासं होतं, आणि लोकल बातमीदाराला आयता मिळतो तो हाच रकाना.

आणि नर्स म्हणून कौतुक करणाऱ्या बातमीतही एक गोष्ट कधी येत नाही, की इतक्या नर्स तिकडूनच का आल्या. जणू काही सेवाभाव त्यांच्या रक्तात आहे, असंच लिहितात, प्रेमाने लिहितात, पण मला ते पटत नाही. अमेरिकेने तिथे राज्य करताना आपल्या पद्धतीच्या नर्सिंग शाळा काढल्या, इंग्रजीत शिकवलं, १९४८ नंतर एक्स्चेंज प्रोग्रामवर इथे कमी स्टायपेंडमध्ये राबवून घेतलं, १९६५ चा इमिग्रेशन कायदा आल्यावर दार आणखी उघडलं कारण इथली हॉस्पिटलं नर्सेसअभावी अडली होती. हा सगळा ठरवून घातलेला रस्ता आहे. रक्तात काही नसतं हो, रक्तात हिमोग्लोबिन असतं, असं टिटा म्हणतात.

कौतुक किती पटकन फिरतं याचंही एक उदाहरण आहे. १९७५ च्या उन्हाळ्यात मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात पेशंटचे श्वास अचानक बंद पडायला लागले, काही दगावले. एफबीआयने दोन फिलिपिनो नर्सेसना धरलं. महिनोन्‌महिने त्यांची नावं, फोटो पेपरांत. १९७७ मध्ये दोषी ठरल्या, पण सरकारी वकिलांच्या गैरवर्तनामुळे जज्जने नव्याने खटला चालवायचा आदेश दिला आणि १९७८ मध्ये सरकारने आरोपच मागे घेतले. त्या वेळी नावं अगदी स्पेलिंगसकट बरोबर छापली गेली, हे मला विसरता येत नाही. त्यांच्यासाठी पैसे गोळा केले, सभा घेतल्या, त्यांची बाजू लावून धरली ती देशभरातल्या फिलिपिनो संघटनांनी, त्याच फुकट पेपरांच्या जातीच्या छोट्या पत्रांनी.

त्या छोट्या पत्रांबद्दल माझ्या मनात खूप आदर आहे. सलिनासहून १९३० पासून 'फिलिपिन्स मेल' निघायचं, म्हणजे वॉट्सनव्हिल जळत होतं त्याच काळात, शेजारच्या गावातून. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलेक्स एस्क्लामाडोने १९६१ मध्ये 'फिलिपिन न्यूज' काढलं आणि फिलिपाइन्सचा राष्ट्राध्यक्ष मार्कोस याने १९७२ मध्ये मार्शल लॉ लावल्यावर त्याच्याविरुद्ध लिहीत राहिला, ट्रॅव्हल एजन्सींनी जाहिराती बंद केल्या तरी. पण हे पेपर वाचतं कोण, तर फिलिपिनोच. माझ्यासारखे शेजारी ते स्टँडवरून उचलत नाहीत, आणि ज्या पेपरातून शेजारी एकमेकांना कळायला हवेत ते आता इतके रोडावलेत की नगर परिषदेच्या बैठकीला बसायलासुद्धा माणूस नसतो. जो बातमीदार उरलाय त्याला चार गावं बघायची असतात, तो फिएस्टाला येतो, फोटो काढतो, पुढच्या गावी पळतो. त्याच्यावर मी चिडू शकत नाही. ज्यांनी माणसं कमी केली त्यांच्यावर चिडते.

आपल्याकडे, म्हणजे इथल्या मराठी मंडळींत, हे बोललं की लोक म्हणतात, आपल्याही गणपतीचा फोटोच छापतात की. खरंय. पण आपली बहुतेकांची इथली पहिली पिढी आहे, नोकऱ्या बऱ्या, आपलं न छापल्याने आपलं फारसं काही अडत नाही. त्यांची चौथी पिढी आहे आणि तरी ती पाहुण्यासारखी छापली जाते. व्हँकुव्हरला २०२५ च्या एप्रिलमध्ये लापू-लापू डेच्या (लापू-लापू म्हणजे मॅजेलनच्या फौजेशी लढलेला फिलिपिनो सरदार) जत्रेत एकाने गाडी घातली, अकरा माणसं गेली, त्यानंतरच्या दिवसांत बातम्यांत आधी समजावून सांगावं लागत होतं की लापू-लापू कोण, हा सण कसला. त्या शहरात हे लोक किती वर्षं राहतायत! टिटा तो दिवसभर टीव्हीसमोर होत्या, त्यांच्या चुलत भावाचं घर तिकडेच, ते सगळे सुखरूप होते, पण त्या म्हणत राहिल्या की आज आमची इतकी चौकशी चाललीये, काल कुठे होते हे.

डेलानोचा शेवट अजून सांगायचा राहिला. त्याच गावातल्या एका हॉस्पिटलात फिलिपिनो कर्मचाऱ्यांना आपसात आपल्या भाषेत बोलायला मनाई झाली, बाकीचे स्पॅनिश बोलले तर चालायचं, यांच्यावर पाळत, ओरडाआरडा. सुमारे सत्तर जण उभे राहिले, केस झाली, २०१२ मध्ये ९ लाख ७५ हजार डॉलरवर तडजोड झाली. संपाचं गाव तेच, माणसं त्याच लोकांपैकी, सत्तेचाळीस वर्षांनी. ही बातमी आली होती, पण १९६५ च्या शेजारी ठेवून कोणी लिहिलेली मी पाहिली नाही, आणि मला तर हे दोन्ही एकाच पानावर हवं आहे.

टिटांना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि स्वतःच्या एका जुन्या वॉर्डाची अशीच गोष्ट सांगायला लागल्या, जेवणाच्या खोलीत इलोंगोत, म्हणजे इलोइलोकडच्या भाषेत, बोलल्या म्हणून हेड नर्सने लिहून घेतलेलं, मग सगळ्या मिळून युनियनकडे गेल्या, मीटिंगमध्ये कोण काय बोललं, कोण ऐनवेळी आलीच नाही, सगळं तपशिलात. तेव्हापासून आम्ही रविवारी बसतो, मी फोनवर रेकॉर्ड करते आणि नंतर टाइप करते. त्यांची व्हालेहोची एक मैत्रीण आहे, ती मानोंग लोकांच्या शेवटच्या दिवसांत अ‍ॅग्बयानी व्हिलेजमध्ये जाऊन ब्लडप्रेशर तपासायची, तिने पुढच्या महिन्यात यायचं कबूल केलंय. पहिला भाग, हेड नर्सचा, दीड हजार शब्दांचा झालाय, नावं टिटांनी स्वतः तपासून दिली, कोणाकोणाला विचारूनच. आमच्या इथल्या साप्ताहिकाच्या संपादकाला मागच्या आठवड्यात पाठवलाय. उत्तर आलं नाही अजून, सोमवारी फोन करणार आहे.